बे ब्रिजच्या खांबापाशी

मेरीलँडमधला बे ब्रिज गाडीने ओलांडायला घाबरणारे लोक इतके आहेत की त्यांच्यासाठी तिथे चक्क एक धंदा चालतो. पैसे आणि किल्ली हवाली करायची, शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसायचं. त्यांचा ड्रायव्हर आपल्याला आपल्याच गाडीतून पलीकडे नेऊन सोडतो. पूल आहेही तसाच. चेसापीकच्या उघड्या पाण्यावर तो जवळजवळ सात किलोमीटर पसरला आहे, जहाजांना वाट द्यायला मध्ये 57 मीटरपर्यंत चढतो, आणि जुन्या पुलाचे कठडे इतके बुटके की बसल्या जागेवरून खालचं पाणी दिसतं. एका टोकाला अ‍ॅनापोलिसजवळचा सँडी पॉइंट, दुसऱ्या टोकाला केंट आयलंड. 1952च्या जुलैत पहिला पूल खुला झाला, तोवर या दोन किनाऱ्यांमध्ये फेरीबोटी चालत. 1973 साली शेजारी दुसरा पूल उभा राहिला. ज्या गव्हर्नरांच्या कारकिर्दीत जुन्या पुलाचं काम सुरू झालं त्या विल्यम प्रेस्टन लेन ज्युनियर यांचं नाव सरकारने त्याला दिलं आहे, पण ते पाटीवरच राहिलं.

मला पुलावरून जाण्यात रस नव्हता, खालून जाण्यात होता. बाल्टिमोरला नोकरी करणारा माझा भाचा गेली काही वर्षं या पुलाच्या खांबांपाशी कयाकमधून मासे गरवतो. फोनवर इतर विषय दोन मिनिटांत संपतात आणि मग अर्धा तास प्रवाह, वारा आणि स्ट्राइप्ड बास. आमचं घर रेवदंड्याचं, खाडी दाराशी. तेव्हा हे वेड कुठून आलं हे मी त्याला विचारू शकत नाही. 2024च्या ऑक्टोबरात मी तिकडे गेलो तो हा प्रकार डोळ्यांनी बघायला.

माशाची आधी ओळख करून देतो. चंदेरी अंग, पाठ हिरवट काळी, आणि कल्ल्यापासून शेपटीपर्यंत बाजूला सात-आठ काळ्या आडव्या रेघा, कुणी पट्टीने मारल्यासारख्या. मेरीलँडमध्ये त्याला रॉकफिश म्हणतात, उत्तरेकडे न्यू इंग्लंडात स्ट्रायपर. 1965 पासून तो मेरीलँडचा राज्यमासा आहे. मोठा झाला की भलताच मोठा होतो: 2011 साली कनेटिकटच्या किनाऱ्याजवळ गळाला लागलेला, 81 पौंडांवर, म्हणजे सुमारे 37 किलो वजनाचा मासा हा त्याचा जागतिक विक्रम. तीस वर्षंसुद्धा जगतो. वसंतात अंडी घालायला समुद्रातून गोड्या पाण्यात शिरतो. आपल्याकडचा जिताडा नेमकं उलटं करतो. खाडीत, खारेपाटातल्या तळ्यांत वाढतो आणि प्रजननासाठी समुद्राची वाट धरतो. स्ट्राइप्ड बासच्या माद्या अंडी घालून झाली की बाहेर पडतात, अटलांटिकच्या काठाकाठाने थेट मेनपर्यंत, काही कॅनडापर्यंत जातात आणि पुन्हा जन्माच्या नद्यांकडे वळतात. नरांतले बरेच मात्र उपसागरातच रमतात. अटलांटिक किनाऱ्यावरच्या स्ट्राइप्ड बासपैकी बहुसंख्य चेसापीकच्या नद्यांमध्ये जन्मलेले असतात, त्यामुळे या पाण्यात जे घडतं ते बोस्टनच्या गळकऱ्यालाही भोगावं लागतं.

आता हा मासा पुलाखाली का येतो? भाच्याचं उत्तर छोटं होतं: "मामा, इथे दुसरं काही टणक उरलंयच कुठे?"

त्याचं म्हणणं नीट कळायला उपसागराचा तळ समजून घ्यावा लागतो. चेसापीक म्हणजे सस्क्वेहाना नदीचं बुडालेलं खोरं. हिमयुग सरलं, समुद्र वर चढला आणि नदीच्या पात्रात घुसला. लांबी 320 किलोमीटर, पण सरासरी खोली अवघी साडेसहा मीटर. जुन्या नदीची घळ तेवढी खोल राहिली आहे आणि तिच्याच आधाराने बाल्टिमोरला जाणारी जहाजं चालतात. बाकी तळ बहुतेक मऊ. गाळ आणि वाळू. या गाळावर पूर्वी कालवांच्या प्रचंड रांगा होत्या. पिढ्यान्पिढ्यांच्या शिंपांवर नवी कालवं बसत बसत तयार झालेले उंचवटे. त्यांच्या कपारींत खेकडे, कोळंबी, चिमुकले मासे, आणि त्यांना खायला मोठे मासे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही कालवं खरवडून खरवडून आगगाडीने देशभर गेली. उरली त्यांना विसाव्या शतकात रोगांनी गाठलं. आज उपसागरातली कालवं पूर्वीच्या मानाने एखादा टक्का उरली असल्याचं सांगतात. तळाचं घर गेलं, आणि त्याच तळात माणसांनी गाड्या नेण्यासाठी शेकडो खांब रोवले. खांबांवर शिंपले चिकटले, शेवाळ आलं, कवचवाले बारके जीव आले, त्यांच्यामागे लहान मासे, लहानांच्या मागे रॉकफिश. इंजिनियरांनी पूल बांधला खरा, पण पाण्याखाली त्याचा उपयोग खडपासारखा होऊ लागला. हे ठरवून केलेलं नाही, त्यामुळे त्याबद्दल कुणाचे आभार मानायचं कारण नाही. पण बे ब्रिजखालची मासेमारी उभी आहे ती या योगायोगावर.

सँडी पॉइंट हे राज्याचं उद्यान आहे, पुलाच्या पश्चिम टोकाला अगदी लागून. वॉशिंग्टनहून तासाभराचं अंतर. फाटक उघडताच आम्ही आत शिरलो. पार्किंगमध्ये आमच्याआधी दोन-तीन गाड्या होत्या, टपावर कयाक बांधलेल्या. कुणी कुणाशी फारसं बोलत नव्हतं. सगळे फोनवर वारा बघत होते. भाच्याचा नियम असा की वारा दहा नॉटच्या वर असेल तर गाडीतून कयाक उतरवायचीच नाही. कारण दक्षिणेकडून वारा आणि उत्तरेकडून ओहोटीचं पाणी अशी गाठ पडली की इथलं उथळ पाणी तासाभरात उभ्या, आखूड, एकामागोमाग एक लाटांनी भरून जातं. मोठ्या बोटीला ते जाणवतही नाही. कयाकमध्ये बसलेल्या माणसाचं बूड पाण्यापासून वीतभर वर असतं.

आमच्या कयाक पायाने चालवायच्या होत्या. पायाखाली सायकलसारखी पायडलं, त्यांना जोडून पाण्यात हलणारे दोन पर. हात मोकळे राहतात, आणि गळकऱ्याला हात मोकळे असण्यासारखं सुख नाही. वल्हं असतंच, पण ते बाजूला अडकवलेलं. अंगावर लाइफ जॅकेट, त्याला शिट्टी बांधलेली, खांद्याशी लहानसा व्हीएचएफ रेडिओ, चॅनेल 16 वर लावलेला. पाणी सोळा-सतरा अंशांचं असावं. हवा छान, ऊन कोवळं, आणि तरी भाच्याने मला जाड निओप्रिनची विजार घालायला लावली. "हवेकडे बघून कपडे नाही घालायचे, पाण्याकडे बघून घालायचे." मासेमारीचा परवाना त्याने आदल्या रात्री इंटरनेटवर काढून दिला, पाहुण्यांसाठी थोड्या दिवसांचाही मिळतो.

निघाल्यावर डाव्या हाताला सँडी पॉइंटचं दीपगृह दिसतं. 1883 सालचं, पाण्यातच उभं, लाल विटांचं घर. कुणीतरी भर समुद्रात बंगला बांधून गाव वसायची वाट बघत राहिलंय असं वाटतं. उजवीकडे पूल. पश्चिमेच्या टोकाला तो सरळ जात नाही, मोठं वळण घेतो. यामागे एक कारण आहे: जहाजांचा मार्ग पुलाने काटकोनातच ओलांडला पाहिजे अशी लष्कराच्या अभियंता विभागाची अट होती. किनाऱ्यापासून सरळ रेघ मारली असती तर तो कोन जमत नव्हता, म्हणून पूल वाकवला. वरून जाताना हे वळण लोकांना अधिकच घाबरवतं. खालून ते सुरेख दिसतं, आणि त्या वळणामुळेच खांबांची रांग प्रवाहाला दर ठिकाणी थोड्या वेगळ्या कोनात भेटते. ही गोष्ट मला नंतर कळली.

या भागात भरती-ओहोटीतला फरक फुटभराचा. रेवदंड्याच्या माणसाला यावर हसू येतं. आमच्याकडे उधाणाला पाणी चार मीटर चढतं. पण पाणी किती चढलं हा इथे प्रश्नच नाही, ते किती जोराने वाहतंय हा प्रश्न. एवढ्या लांबट, चिंचोळ्या उपसागरात फुटभर पाणी आत-बाहेर करायचं तरी पुलापाशी चांगली ओढ लागते. भरतीचं पाणी उत्तरेकडे, ओहोटीचं दक्षिणेकडे. शिवाय भरती पूर्ण होण्याची वेळ आणि प्रवाह थांबण्याची वेळ इथे एक नसते. किनाऱ्यावरचं पाणी उतरायला लागलं तरी मधला प्रवाह अजून आतच चाललेला असतो. म्हणून इथले लोक भरतीचं कोष्टक न बघता प्रवाहाचं बघतात. त्यात वाऱ्याची ढवळाढवळ वेगळी. दोन दिवस वायव्येचा वारा लागला की पाणी उपसागराबाहेर ढकललं जातं आणि कोष्टक गुंडाळून ठेवावं लागतं. वर सस्क्वेहानावर कोनोविंगोचं धरण आहे, 1928 सालचं. पाऊस फार झाला की त्याचे दरवाजे उघडतात आणि गढूळ पाण्याबरोबर झाडांचे ओंडके पुलापर्यंत येतात. उपसागरात येणारं निम्मं गोडं पाणी ही एकटी नदी आणते.

आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी नुकती जोर धरत होती. पहिल्या खांबाशी भाच्याने कयाक थांबवली आणि दहा मिनिटं गळ टाकलाच नाही. नुसतं पाणी बघत होता. मीही बघत राहिलो. प्रवाह खांबावर येऊन आदळतो तिथे पाण्याला किंचित फुगवटा येतो. तिथून ते दोन्ही बाजूंनी फाटतं, आणि खांबाच्या मागे गुळगुळीत, जरा उलटं फिरणारं पाणी तयार होतं. मोठा मासा एकतर पुढच्या फुगवट्यात नाक खुपसून असतो, नाहीतर मागच्या शांत पाण्यात. दोन्हीकडे त्याला फार पोहावं लागत नाही. गर्दीत न शिरता दादरच्या खांबाआड उभा राहणारा मुरलेला प्रवासी असतो ना, गर्दीच आपल्याला डब्यात नेईल अशा खात्रीने, तसा. प्रवाहाबरोबर वाहत येणारी बारकी मासळी खांबाजवळ भेलकांडते. तेवढ्यात तोंड उघडायचं. ही बारकी मासळी म्हणजे बे अँचोव्ही, आपल्या मांदेलीची चुलत बहीण, आणि मेनहेडन, तारलीच्या जातकुळीतला तेलकट मासा. प्रवाह थांबला की जेवणाचं ताट थांबतं, आणि मग खांबाशी कितीही मासे असले तरी गळाला तोंड लावत नाहीत.

"आता," भाचा म्हणाला.

आमिष जिवंत नव्हतं. शिशाच्या डोक्याची गरी, वजन अर्धा ते एक औंस, म्हणजे चौदा ते अठ्ठावीस ग्रॅम, आणि तिच्यावर ओवलेला मऊ रबराचा बोटभर मासा, फिकट पोपटी-पिवळा. दोर विणीचा, बारीक. त्याच्या टोकाला हातभर जाड तंगूस, कारण खांबावरच्या शिंपल्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात आणि बारीक दोर त्यांना एकदा घासला तरी संपला. गरी खांबाच्या वरच्या अंगाला, प्रवाहाच्या उगमाकडे टाकायची. ती बुडत बुडत खांबाशी वाहत येते. तळाला लागली की दोर क्षणभर सैल पडतो. मग मनगटाने हळूच उचलायची, पुन्हा पडू द्यायची. दंश बहुतेक वेळा पडतानाच होतो. तेव्हा दोर सैल असतो, त्यामुळे हाताला धक्का बसेलच असं नाही. दोर जिथे पाण्यात शिरतो तिथे नजर ठेवायची. तो जरा आधीच थांबला किंवा बाजूला सरकला, की मारा.

खांबाला दोर बांधून निवांत बसायची सोय नाही. प्रवाहाकडे तोंड करून पाय हलते ठेवायचे, एवढाच उपाय. मला हे जमायला वेळ लागला, कारण नजर दोरावर ठेवली की पाय थांबतात आणि पाय थांबले की कयाक खांबाकडे सरकते. वर गाड्यांचा अखंड घरघराट चालू असतो. सांध्यांवरून ट्रक गेला की दणका पाण्यातूनही जाणवतो. माशांना त्याचं काही नाही, जन्मल्यापासून ऐकताहेत.

चौथ्या की पाचव्या खांबाशी भाच्याची काठी वाकली. मासा लागताच तो खांबाकडे पळतो. तिथे दोर तुटतो हे त्याला अनुभवाने ठाऊक असावं असं वाटावं इतका तो सरळ तिकडेच जातो. भाच्याने काठी आडवी केली आणि पायांचा सपाटा लावला. मोठ्या बोटीवर इंजिन मागे घेतात, इथे मांड्या. मासा कयाकला ओढतो, कयाक माशाला. दोन मिनिटांत तो खांबापासून दूर, उघड्या पाण्यात आला आणि मग झुंज सोपी झाली. त्याने मासा जाळीत घेतला, पण जाळी पाण्यातच ठेवली. हात आधी ओला केला. अंगठा माशाच्या खालच्या जबड्यात घातला. रॉकफिशचे दात खरखरीत कागदासारखे, लागत नाहीत. दिवसभर मासे हाताळले की अंगठ्याचं साल मात्र निघतं आणि तो अंगठा इथले लोक दागिन्यासारखा मिरवतात. जपायचं ते पाठीवरच्या काट्यांना आणि कल्ल्याच्या झाकणाच्या धारेला. मग मोजपट्टी: तोंड मिटून, शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत धरून, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. सतरा इंच. गरी काढली, मासा प्रवाहाकडे तोंड करून धरला. कल्ले दोनदा उघडमिट झाले आणि शेपटीच्या फटक्याने भाच्याच्या चेहऱ्यावर पाणी उडवून तो गेला.

त्या वर्षी उपसागरात ठेवायचा मासा एकोणीस ते चोवीस इंचांमधलाच हवा होता, म्हणजे 48 ते 61 सेंटिमीटर. माणशी दिवसाला एक. त्याहून लहान परत, त्याहून मोठाही परत. वरच्या मर्यादेचं आपल्याकडच्या माणसाला नवल वाटतं, पण मोठी मादी लाखोंनी अंडी देते. तिला ताटात वाढण्यापेक्षा नदीत पाठवणं शहाणपणाचं. नियम दर वर्षी बदलतात, त्यामुळे जाणाऱ्याने त्या वर्षीचे पाहूनच जावं. जिवंत किंवा कापलेलं आमिष वापरलं तर गोल वळणाची गरी सक्तीची आहे. ती माशाच्या पोटात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात बसते, आणि सोडलेला मासा जगतो. उन्हाळ्यात तर राज्य सरकार दिवसागणिक झेंडे जाहीर करतं: हिरवा, पिवळा, लाल. हवा 95 फॅरनहाइटवर जाणार असेल तर लाल, म्हणजे आज रॉकफिशच्या मागे लागू नका. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं आणि खालच्या पाण्यातला प्राणवायू संपतो. शेतांतून वाहून आलेल्या खतांवर शेवाळ माजतं, मरतं, कुजतं आणि तळाशी श्वास घ्यायला काही ठेवत नाही. मासा मधल्या पट्ट्यात कोंडला जातो. अशा वेळी त्याला दमवून सोडणं म्हणजे मारणंच. 2024 मध्ये जुलैचा दुसरा पंधरवडा या कारणाने पूर्ण बंद होता. आपल्या पावसाळी मासेमारीबंदीची आठवण होते. कारण वेगळं, पण काही आठवडे दर्याला एकटं सोडायचं हे तेच.

एवढी काटेकोरी का, याचा इतिहास जुना आहे. 1970 नंतर हा मासा इतका घटला की 1984 साली अमेरिकेच्या काँग्रेसने त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा केला, आणि 1985च्या जानेवारीपासून मेरीलँडने रॉकफिश पकडणं सरसकट बंद केलं. राज्यमासाच पकडायचा नाही! व्यावसायिक मच्छीमारांची घरं त्यावर चालत होती, संताप झाला. पण बंदी 1990 पर्यंत टिकली, मासा परत आला, आणि 1995 मध्ये तो सावरल्याचं जाहीर झालं. मत्स्यव्यवस्थापनाच्या पुस्तकांत ही गोष्ट यशोगाथा म्हणून सांगतात. गोष्ट तिथे संपली असती तर बरं झालं असतं.

मेरीलँडचं मत्स्यखातं 1954 पासून दर उन्हाळ्यात एक मोजणी करतं. ठरलेल्या 22 जागी, जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरात, काठावरून तीस मीटरची जाळी ओढतात. ही सरळ आपली रापण, फक्त लहान. जाळ्यात त्या वर्षी जन्मलेली पिल्लं किती आली त्याची सरासरी काढायची. दीर्घकाळची सरासरी अकराच्या आसपास. 2011 साली ती चौतिसावर गेली होती. 2023 साली उरली एक. आम्ही पुलाखाली होतो त्याच महिन्यात 2024चा आकडा जाहीर झाला: दोन. सलग सहावं वाईट वर्ष. मोठ्या माद्या अजून नद्यांत येतात, अंडी घालतात, पण पिल्लं तगत नाहीत. अंडी पाण्यात अधांतरी तरंगत राहायला हवीत. त्यासाठी वसंतात नद्यांना गार पाणी आणि भरपूर प्रवाह लागतो. हिवाळे उबदार आणि कोरडे जाऊ लागले की पिल्लांचं जन्मणं आणि त्यांच्या सूक्ष्म खाद्याचा बहर यांची गाठ चुकते. गळकऱ्यांवर कितीही बंधनं घातली तरी पाऊस काही अधिसूचनेने पाडता येत नाही. माझं मत विचाराल तर तरीही बंधनं हवीत, आणि आणखी कडक हवीत. जे हातात नाही ते बिघडलेलं असताना जे हातात आहे तेही सोडून द्यायचं, हे काही बरोबर नाही.

दहाच्या सुमारास रेडिओवर आवाज वाढले. उत्तरेकडून जहाज येत होतं. कयाकमधून कंटेनर जहाज बघणं हा वेगळाच अनुभव आहे: ते हलताना दिसत नाही, नुसतं मोठं होत जातं. भाच्याने आधीच दोन्ही कयाक जहाजांच्या मार्गापासून दूर, उथळ बाजूला घेतल्या. जहाज झुलत्या पुलाच्या दोन मनोऱ्यांमधून, 488 मीटरच्या गाळ्यातून गेलं आणि अगदी किरकोळ दिसलं. लाटा मात्र जहाज विसरायला झाल्यावर आल्या. त्यांच्याकडे नाक करायचं आणि पाय चालू ठेवायचे.

त्या वर्षी पुलाखालून जहाज जाताना इथल्या माणसाच्या मनात एकच गोष्ट येत होती. 26 मार्चला, इथून वरच्या अंगाला बाल्टिमोरच्या बंदरात, डाली नावाचं जहाज वीज गेल्यामुळे भरकटून फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबाला धडकलं आणि काही सेकंदांत पूल पाण्यात गेला. पुलावर रात्रपाळीला रस्त्याचे खड्डे भरणारे सहा कामगार गेले. जहाजावरचे 21 खलाशी जवळजवळ सगळे भारतीय. चौकशी चालू असेपर्यंत कित्येक आठवडे ते त्या मोडक्या पुलाखाली जहाजावरच अडकून होते. भाच्याच्या ऑफिसातल्या एकाने त्याला तेव्हा विचारलं होतं, तुझ्या ओळखीचे आहेत का कुणी. नव्हते. पण प्रश्न त्याच्या लक्षात राहिला. बे ब्रिजच्या खांबांना धडकेपासून वाचवायचं कसं, हा विषय त्यानंतर मेरीलँडमध्ये तापला.

प्रवाह मंदावला तसे दंश थांबले. तोवर माझ्या गळालाही एक लागला होता, वीस इंचांचा, हक्काने ठेवता येईल असा. मी भाच्याकडे बघितलं. "तुझा आहे मामा, तू ठरव," म्हणाला, पण फ्रीझरमध्ये ब्लू कॅटफिश भरपूर आहे हेही त्याने लगेच सांगितलं. मासा गेला पाण्यात. ब्लू कॅटफिश हे इथलं दुसरं टोक. 1970च्या दशकात व्हर्जिनियाच्या नद्यांत शौकिनांसाठी आणून सोडला आणि आता तो अख्ख्या उपसागराच्या उपनद्यांत माजला आहे. खेकडे, पिल्लं, जे दिसेल ते खातो. त्याला मेरीलँडमध्ये आकाराची मर्यादा नाही आणि संख्येचीही. सरकारच म्हणतं, पकडा आणि खा. संध्याकाळी भाच्याने त्याचं तिरफळ घालून तिखलं केलं. मऊ, पांढरं मांस, काटा कमी. रॉकफिशची चव याला नाही, पण भातावर मी दोनदा घेतलं.

किनाऱ्याला लागलो तेव्हा एक म्हातारा गळकरी कयाक धुवत होता. पुलाची गोष्ट निघाली. दोन्ही जुने पूल काढून नवे, रुंद पूल बांधण्याचा अभ्यास मेरीलँडमध्ये चालू आहे. वरून जाणाऱ्यांना रांगेतून सुटकेची आस, तर याला वेगळीच चिंता: सत्तर वर्षांचे शिंपले चढलेले खांब उपटले की मासा जाणार कुठे? भाचा म्हणाला, वॉशिंग्टनजवळचा पोटोमॅकवरचा वुड्रो विल्सन पूल पाडला तेव्हा त्याचं काँक्रीट आणून उपसागराच्या तळाशी टाकलंच ना, माशांना घर म्हणून. म्हाताऱ्याला ते माहीत होतं. अशा ढिगांचे नकाशे सरकार छापतं, कुणालाही मिळतात. त्यातल्या कुठल्या ढिगावर मासा लागतो हे मी विचारलं. तो हसला, पाण्याची नळी बंद केली आणि म्हणाला, सगळ्यांवर.